घरी घडवलेले कॅबिनेट: लाकडी खोक्यापासून सात लिटरच्या पेटीपर्यंत

आपल्याकडे ज्या पेटीला सर्रास 'सीपीयू' म्हटले जाते, तिचा प्रोसेसरशी संबंध एवढाच की तो तिच्या आत बसतो. दुकानदाराच्या भाषेत ती 'कॅबिनेट'. मदरबोर्ड (सारे भाग ज्यावर बसतात तो मुख्य बोर्ड), एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा), ग्राफिक्स कार्ड हे सारे बाजारातून आणायचे आणि हे कॅबिनेट मात्र पत्रा, लाकूड किंवा अ‍ॅक्रिलिक कापून स्वतः घडवायचे, हा छंद गेमिंग करणाऱ्या तरुणांनी अलीकडे काढलेला समजला जातो. इतिहास पाहिला तर क्रम उलटा दिसतो. वैयक्तिक संगणकाच्या पहिल्या दिवसांत पेटी ही बऱ्याचदा ग्राहकाचीच जबाबदारी होती. पुढे ती कारखान्याने आपल्या हाती घेतली, आणि ती पुन्हा छांदिष्टांकडे आली ती मुख्यतः स्क्रूच्या भोकांची मापे ठरली म्हणून.

जानेवारी १९७५ च्या 'पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स' या अमेरिकी मासिकाच्या मुखपृष्ठावर झळकलेला 'अल्टेअर ८८००' हा या कथेचा सोयीचा आरंभबिंदू आहे. अल्बुकर्कीच्या 'एमआयटीएस' कंपनीने छायाचित्रासाठी न्यूयॉर्कला पाठवलेला नमुना वाटेतच गहाळ झाल्यामुळे, दर्शनी बाजूला दिवे आणि बटणे लावलेली रिकामी पेटीच तिथे छापली गेली. म्हणजे वैयक्तिक संगणकाची लाट उठवणाऱ्या त्या चित्रात संगणक नव्हताच, होते ते फक्त कॅबिनेट. सुमारे ४०० डॉलरना मिळणारा हा संच ग्राहकाने स्वतः डाख देऊन जोडायचा होता, मात्र त्यासोबत धातूची पेटी तरी येत असे.

१९७६ चा 'अ‍ॅपल-१' त्याही पुढे गेला. ६६६.६६ डॉलर मोजल्यावर हाती येई तो जोडून तयार असलेला, पण उघडा बोर्ड. कळफलक, वीजपुरवठा आणि पेटी यांची तजवीज घेणाऱ्याने करायची. असे सुमारे २०० बोर्ड तयार झाले आणि त्यांतले जे आज संग्रहालयांत दिसतात, त्यांतल्या काहींच्या लाकडी पेट्या हाच त्यांचा ओळखीचा चेहरा बनला आहे. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेतील अ‍ॅपल-१ च्या लाकडी कवचावर नाव हाताने कोरलेले आहे आणि त्या अक्षरांची असमान ठेवण पाहिली की कोरणारा कसबी सुतार नसावा हे लगेच कळते. मला हा नमुना त्या काळातल्या कोणत्याही कारखानी यंत्रापेक्षा अधिक बोलका वाटतो. लाकडाचे वेड काही ग्राहकांपुरते मर्यादित नव्हते. 'प्रोसेसर टेक्नॉलॉजी'च्या 'सोल-२०' या संगणकाच्या दोन्ही बाजूंना अक्रोडाच्या फळ्या बसवलेल्या असत.

हा काळ लवकर सरला. १९७७ च्या 'अ‍ॅपल-२' साठी जेरी मॅनॉक यांनी साच्यातून काढलेली प्लॅस्टिकची पेटी रचली आणि संगणक टंकलेखन यंत्रासारखा, दुकानातून उचलून थेट टेबलावर ठेवण्याजोगा झाला. दोनच वर्षांनी अमेरिकेच्या दळणवळण आयोगाने संगणकांतून बाहेर पडणाऱ्या रेडिओ लहरींवर मर्यादा घालणारे नियम केले, कारण शेजारच्या दूरचित्रवाणी संचावर खरखर उमटू लागली होती. पेटी ही केवळ झाकण न राहता लहरी अडवणारे कवचही झाली. याचा धसका घेऊन १९८० च्या 'अ‍ॅपल-३' चा सांगाडा ओतीव अ‍ॅल्युमिनियमचा केला गेला. त्यात पंखा नको असा स्टीव्ह जॉब्स यांचा आग्रह असल्याने तापलेल्या यंत्रातील चिपा आपल्या खाचांतून वर सरकू लागल्या, आणि त्या पुन्हा बसाव्यात म्हणून संगणक टेबलावरून काही इंच उचलून सोडून द्यावा, असा सल्ला ग्राहकांना दिला जाऊ लागला. पेटी रचणाऱ्याला उष्णता, लहरी आणि आवाज या तिघांचाही हिशेब एकाच वेळी ठेवावा लागतो, हे इतक्या खर्चिक रीतीने क्वचितच कोणी शिकले असेल.

छांदिष्टांच्या दृष्टीने निर्णायक ठरला तो मात्र आयबीएमचा संगणक. फ्लोरिडातील बोका रॅटन येथे तयार झालेला 'आयबीएम पीसी' १२ ऑगस्ट १९८१ रोजी जाहीर झाला. त्याच्या विद्युत मंडलांचे आराखडे कंपनीने तांत्रिक पुस्तिकेत छापून टाकले होते आणि कार्डे बसवण्यासाठी ५ खाचा दिल्या होत्या. सबंध यंत्राचा वीजपुरवठा होता ६३.५ वॉटचा. आयबीएमच्याच १९८३ च्या 'एक्सटी' या पुढच्या संगणकात खाचांची संख्या ८ झाली आणि त्या सामावण्यासाठी दोन खाचांमधले अंतर एक इंचावरून ०.८ इंचावर, म्हणजे २०.३२ मिलिमीटरवर आणले गेले. हे माप लक्षात ठेवण्यासारखे आहे. त्यानंतरच्या, १९८४ च्या आयबीएम 'एटी' ची नक्कल करणाऱ्या असंख्य कंपन्यांनी बोर्डाचे आकार आणि भोकांच्या जागाही उचलल्या, कारण त्याशिवाय त्यांचा बोर्ड दुसऱ्याच्या पेटीत बसला नसता. कोणत्याही समितीने न ठरवलेले प्रमाण असे बाजाराने ठरवले.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरचा 'असेंबल्ड' संगणक याच जुळणीवर उभा राहिला. भाग वेगवेगळ्या दुकानांतून आले तरी ते एकमेकांत बसतील, ही खात्री नसती तर तो व्यवसायच झाला नसता. एटी बोर्डाला वीज देणारी दोन सारखी दिसणारी सॉकेटे शेजारीशेजारी असत आणि ती उलटसुलट बसली तर बोर्ड जळत असे. म्हणून 'काळ्याला काळी लागली पाहिजे', म्हणजे काळ्या तारा मध्यभागी एकत्र आल्या पाहिजेत, हा मंत्र जुळणी करणाऱ्या प्रत्येकाला पाठ असे. आपल्याकडच्या या जुळणीमागे काटकसर होती, पेटीचे सौंदर्य नव्हे. एसएमपीएस बहुधा कॅबिनेटमध्ये आधीच बसवलेला येई आणि पेटी निवडताना भाव सोडून दुसरे फारसे पाहिले जात नसे.

१९९५ मध्ये इंटेलने 'एटीएक्स' हे प्रमाण लेखी स्वरूपात प्रसिद्ध केले आणि आज घरी कॅबिनेट करणारा माणूस कागदावर पहिली रेघ मारतो ती याच मापांच्या आधारे. बोर्ड ३०५ बाय २४४ मिलिमीटर, मागच्या जोडण्यांसाठी पेटीत १५८.७५ बाय ४४.४५ मिलिमीटरची एकच आयताकृती खिडकी, आणि त्या खिडकीत बसणारी पातळ पट्टी बोर्डासोबत येणार. पूर्वी प्रत्येक जोडणीसाठी वेगळे भोक पाडावे लागे. आता पत्र्यात एक आयत कापला की कोणत्याही कंपनीचा बोर्ड त्यात बसू लागला. दोन्ही वीजजोडण्यांच्या जागी उलटी न बसणारी एकच जोडणी आल्याने तो काळ्या तारांचा मंत्रही इतिहासजमा झाला. प्रमाण म्हटले की कल्पकतेला बेडी असा समज असतो, पण इथे घडले ते नेमके उलट: आतली मापे स्थिर झाल्यावरच बाहेरचा आकार मोकळा झाला.

त्या मोकळेपणाचा पहिला उपयोग सौंदर्यासाठी झाला नाही, तो झाला गारव्यासाठी. १९९८ च्या 'सेलेरॉन ३००ए' या स्वस्त प्रोसेसरचा बसवेग (बोर्डाशी देवाणघेवाण करण्याचा वेग) ६६ वरून १०० मेगाहर्ट्झवर नेला की तो ३०० ऐवजी ४५० मेगाहर्ट्झने धावे, आणि अशी वेगवाढ करणाऱ्यांना बंद, बदामी रंगाच्या डब्यातली कोंदट हवा नकोशी झाली. ८० मिलिमीटरच्या पंख्यासाठी वरच्या पत्र्यात गोल भोक पाडायचे, कडा कानशीने घासायच्या, रबराची पट्टी लावायची, अशी ही सुरुवात होती. पंख्याचे भोक पाडता येते तर बाजूच्या पत्र्याला खिडकी का नको, हा विचार मग दूर नव्हता. त्याच वर्षी आलेल्या पारदर्शक निळसर 'आयमॅक'ने संगणकाला रंग असू शकतो हे लोकांना दाखवले होते. पुढच्या चार-पाच वर्षांत ड्रेमेलचे छोटे फिरते हत्यार, अ‍ॅक्रिलिकचा तुकडा आणि निऑनसारखा उजेड देणाऱ्या बारीक नळ्या हा या छंदाचा ठरलेला सरंजाम झाला, आणि एकत्र जमून खेळायच्या मेळ्यांत खेळाइतकीच पेट्यांची चर्चा होऊ लागली. कारखान्यांनी हे सारे पाहिले. तैवानच्या 'लियान ली'सारख्या कंपन्या अ‍ॅल्युमिनियमच्या देखण्या पेट्या विकू लागल्या आणि काही वर्षांतच खिडकी असलेले कॅबिनेट दुकानात साध्या कॅबिनेटइतकेच सहज मिळू लागले. विकत मिळणारी गोष्ट करवतीने कापण्यात छांदिष्टाला रस उरत नाही.

त्याचे लक्ष मग आकाराकडे वळले. २००१ मध्ये तैवानच्याच 'व्हिया' कंपनीने मांडलेला 'मिनी-आयटीएक्स' बोर्ड अवघा १७० मिलिमीटरचा चौरस होता, त्याला चारच भोके होती आणि त्यावरचा प्रोसेसर इतकी कमी वीज घेई की काही बोर्डांना पंखाही लागत नसे. जुना रेडिओ, बिस्किटांचा डबा, खेळणे, असे जे हाताशी येईल त्यात संगणक बसवण्याची धूम त्यानंतर उडाली. तरीही ही चारही भोके एटीएक्सच्याच भोकांवर पडतील अशी आखलेली होती, ही बाब सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही.

इंग्लंडच्या बाथ विद्यापीठात २००५ मध्ये सुरू झालेला, त्रिमिती प्रिंटर स्वतः बनवता यावा यासाठीचा 'रेपरॅप' प्रकल्प आणि २००९ मध्ये संपलेली प्लॅस्टिकचे थर रचण्याच्या पद्धतीवरील पेटंटची मुदत, यांमुळे त्रिमिती छपाई घरात आली. घरगुती प्रिंटरचा पट साधारणपणे २२० मिलिमीटरचा असतो. एटीएक्स बोर्डाचा तळ त्यावर एकसंध निघत नाही, १७० मिलिमीटरचा मात्र निघतो, आणि घरी छापलेली इतकी कॅबिनेटे लहान बोर्डांसाठीच का असतात याचे एक साधे कारण हे आहे. ज्यांना पत्राच हवा ते आराखडा संगणकावर काढून लेझरने कापून, वाकवून आणि पावडर कोटिंग करून घेऊ लागले.

आराखडा फाइलमध्ये उतरल्यावर एका माणसाची पेटी शेकडो जणांना पुरवणे शक्य झाले. सुमारे १२.६ लिटर आकारमानाचे 'एनकेस एम१' हे हौशी मंडळींच्या चर्चेतून आकाराला आले आणि २०१३ मध्ये लोकवर्गणीच्या बळावर 'लियान ली'च्या कारखान्यात तयार झाले. २०१६ चे 'डॅन ए४' तर ७.२ लिटरचे, ग्राफिक्स कार्ड लवचिक जोडणीने बोर्डाच्या पाठीमागे नेऊन दोघांची पाठीला पाठ लावल्यामुळे ते एवढ्यात मावले. सगळ्यांचे असे सुरळीत झाले नाही. मोठ्या, ग्राहकाच्या फर्माइशीनुसार बनणाऱ्या पेट्यांसाठी नावाजलेली अमेरिकेतील 'केसलॅब्स' ऑगस्ट २०१८ मध्ये बंद पडली; आयातशुल्कामुळे वाढलेले भाव हे तिने दिलेल्या कारणांपैकी एक होते.

सध्या पेटी रचणाऱ्याची खरी झटापट चालते ती ग्राफिक्स कार्डाशी. २०२२ चे 'आरटीएक्स ४०९०' हे एकटे कार्ड ४५० वॉटपर्यंत वीज घेते, म्हणजे पहिल्या आयबीएम पीसीच्या सबंध वीजपुरवठ्याच्या सातपट. निर्मात्या कंपनीने स्वतः काढलेल्या आवृत्तीची लांबी ३०४ मिलिमीटर आहे आणि जाडी ६१. एक्सटीच्या पेटीत ठरलेल्या २०.३२ मिलिमीटरच्या खाचेची ती जवळजवळ नेमकी तिप्पट आहे.