पायावरची कोळिष्टकं आणि साबणाच्या जातीचं औषध

डॉक्टर डोळ्यांवर भिंग चढवतात. एका हाताच्या बोटांनी मांडीची कातडी ताणून धरतात आणि जेमतेम ०.३ मिलिमीटर जाडीची सुई जवळजवळ आडवी करून कोळ्याच्या जाळ्यासारख्या पसरलेल्या बारीक शिरांच्या एका लाल-जांभळ्या रेषेत सरकवतात. दट्ट्या हलकेच दाबला की डोळ्यांदेखत गंमत होते. सुईच्या टोकापासून रेषा पांढरी पडत जाते, तिला फुटलेले फाटे एकेक करून विझतात. पाटीवरची रेघ ओल्या फडक्यानं पुसावी, तसं सगळं जाळं पुसलं जातं. सुई बाहेर येते. थोड्याच वेळात रक्त परत येतं, रेषा पुन्हा उमटतात, आणि वर आजूबाजूची कातडी डास चावल्यासारखी लाल होऊन फुगते. पेशंटचा चेहरा पडतो.

पण इलाज खरं तर आत्ता कुठे सुरू झालेला असतो. मघाशी जाळं पुसलं गेलं, ते औषधानं रक्त पुढे ढकललं म्हणून. औषध शिरेच्या आत जे करून गेलं आहे ते दिसायला काही आठवडे लागणार आहेत, आणि तेही औषध करणार नाही, शरीर करणार आहे.

या रेषांना सगळेच स्पायडर व्हेन्स म्हणतात. जाडीवरून डॉक्टर तीन गट पाडतात. एक मिलिमीटरपेक्षा बारीक, कातडीतच पसरलेल्या लाल-जांभळ्या रेषा म्हणजे स्पायडर व्हेन्स. एक ते तीन मिलिमीटरच्या, थोड्या खोल, निळसर-हिरव्या शिरा हा मधला गट. त्याहून जाड, उभं राहिल्यावर दोरासारख्या फुगून वर येणाऱ्या त्या व्हेरिकोज व्हेन्स. जर्मनीतल्या बॉन शहरात २००० ते २००२ दरम्यान तीन हजारांहून अधिक लोकांचे पाय तपासले, तेव्हा शंभरातल्या ५९ जणांच्या पायांवर फक्त पहिल्या दोन गटांतल्या शिरा सापडल्या. पायावर शिरांची कसलीच खूण नाही असे लोक शंभरात दहासुद्धा भरले नाहीत. तेव्हा हा आजार म्हणायचा की वय झाल्याची खूण, हा प्रश्न रास्त आहे. माझ्या मते बहुतेकांच्या बाबतीत ही दिसण्याचीच अडचण असते. त्यात वावगं काही नाही, फक्त ती दिसण्याची अडचण आहे हे इंजेक्शन घेणाऱ्यालाही ठाऊक असावं.

पायांवरच का? उभ्या माणसाच्या घोट्यातल्या शिरेवर हृदयापर्यंतच्या रक्ताच्या अख्ख्या उंचीचा भार असतो. निश्चल उभं राहिलं तर तो पाऱ्याच्या सुमारे ९० मिलिमीटर एवढा भरतो. चालायला लागलं की पोटरीचे स्नायू शिरा पिळून रक्त वर ढकलतात, झडपा ते खाली येऊ देत नाहीत, आणि दाब झपाट्यानं उतरतो. झडपा सैल पडल्या किंवा शिरेची भिंतच मुळात नाजूक असली की रक्त तुंबतं आणि बारीक वाहिन्या ताणल्या जातात. एकदा ताणली गेलेली शीर पुन्हा आवळत नाही, जुन्या पायजम्याच्या इलॅस्टिकसारखी. आईच्या किंवा आजीच्या पायावर हे जाळं असेल तर आपल्यालाही होण्याची शक्यता वाढते. स्त्रियांमध्ये इस्ट्रोजेन शिरांच्या भिंती सैलावतं. तासन् तास उभं राहायचं काम आणि वाढलेलं वजन यांचाही हातभार असतो. पायावर पाय टाकून बसल्यानं हे होतं, असं घराघरांत सांगतात, पण त्याला भक्कम पुरावा नाही.

आता औषधाकडे. सर्वांत जास्त वापरली जाणारी दोन औषधं म्हणजे पॉलिडोकॅनॉल आणि सोडियम टेट्राडेसिल सल्फेट. दोन्ही रसायनं साबणाच्या जातीची. साबणाच्या रेणूचं एक टोक पाण्याकडे ओढलं जातं, दुसरं तेलाकडे, म्हणून तो तेलकट ताटावरचा थर सोडवू शकतो. आपल्या प्रत्येक पेशीभोवतीचं आवरण हाही स्निग्ध पदार्थाचाच पातळ थर असतो. शिरेला आतून एका पदरानं पेशी मढवलेल्या असतात, फरशा बसवाव्यात तशा. औषध त्यांच्या आवरणात घुसतं, आवरण फाटतं, पेशी मरतात आणि खालची भिंत उघडी पडते. उघड्या भिंतीला रक्त लागलं की शरीर ती जखम समजतं. सूज येते, तिथे थोडं रक्त गोठतं, दुरुस्तीच्या पेशी धावून येतात आणि तंतू विणायला लागतात. आतली पोकळी भरत जाते, दोन्ही बाजू एकमेकींना चिकटतात. शिरेची दोरी होते. मग शरीर ती दोरीही हळूहळू पचवून टाकतं. या उपचाराला स्क्लेरोथेरपी म्हणतात, म्हणजे मुद्दाम, मापून केलेली इजा.

हे साबण सगळ्या अंगभर का धुमाकूळ घालत नाहीत? कारण रक्तातली अल्ब्युमिनसारखी प्रथिनं त्यांना लगेच धरून ठेवतात. बारीक शिरेत औषध जवळजवळ निर्भेळ असतं, म्हणून तिथे ते चावतं. पुढे मोठ्या शिरेत गेलं की रक्ताच्या लोंढ्यात पातळ होतं आणि प्रथिनांना चिकटून थंड पडतं. याच कारणानं जाड शिरांत पातळ औषध टोचून फारसं साधत नाही. तिथे फेस वापरतात. एक भाग औषध आणि चार भाग हवा दोन सिरिंजमधून वीसेक वेळा इकडून तिकडे ढकलली की दाढीच्या साबणासारखा दाट फेस होतो. २००० साली इटलीतल्या तेसारी नावाच्या डॉक्टरांनी ही साधी युक्ती मांडली. फेस रक्तात मिसळत नाही, रक्ताला बाजूला सारून भिंतीला लागून राहतो.

पॉलिडोकॅनॉलची कथा गमतीची आहे. ते १९३६ मध्ये तयार झालं ते जागा बधिर करण्यासाठी. बारीक शिरा त्यानं आक्रसतात, बंद होतात हे ध्यानात आलं आणि पुढे १९६० च्या दशकात या दोषाचंच औषध झालं. शिवाय बधिर करण्याचा मूळ गुण शिल्लक असल्यामुळे ते टोचताना फारसं दुखत नाही. पूर्वी संपृक्त मिठाचं पाणी वापरायचे, त्यात चांगलीच आग होते आणि पायात गोळेही येतात. कल्पना मात्र याहून जुनी. फ्रान्सच्या शार्ल प्रवाझनं १८५३ मध्ये चांदीची सिरिंज बनवली ती रक्तवाहिनीत लोहाचा क्षार सोडून रक्त गोठवण्यासाठी. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास गुप्तरोगावर शिरेतून औषधं दिली जात. टोचलेली शीर काही दिवसांनी कडक होऊन बंद पडते, हे जर्मनीत लिन्सर आणि फ्रान्समध्ये सिकार यांना दिसलं. बाकीच्यांना ती कटकट वाटत होती, या दोघांना त्यात इलाज दिसला.

खरं कसब टोचण्यात नाही, कुठे टोचायचं यात आहे. कातडीवर दिसणाऱ्या जाळ्याला रक्त पुरवणारी एक निळसर शीर बहुधा जरा खोल लपलेली असते. मांडीच्या बाहेरच्या बाजूला, गुडघ्याच्या वर, ती हमखास सापडते. नुसतं जाळं बंद केलं आणि ही वाहती ठेवली तर जाळं पुन्हा भरतं. टाकीचा नळ चालू ठेवून फरशी पुसण्यातला प्रकार. म्हणून अनुभवी डॉक्टर आधी कातडीला दिवा लावून आतल्या शिरेची सावली शोधतात, मोठ्या शिरेपासून सुरुवात करतात आणि बारीक रेषांकडे शेवटी वळतात. पाय जड वाटणं, संध्याकाळी घोट्याला सूज येणं, घोट्याजवळची कातडी काळवंडणं, असं काही असेल तर सुई हातात घेण्याआधी डॉपलर सोनोग्राफी, म्हणजे शिरांतलं रक्त कुठल्या दिशेनं वाहतं ते दाखवणारी तपासणी, करतात. झडपा खोलवर बिघडल्या असतील तर वरच्या रेषा हे नुसतं लक्षण असतं.

दुसरं कसब औषध पुरेसं पातळ ठेवण्याचं. स्पायडर व्हेन्सना पॉलिडोकॅनॉल ०.५ टक्का, मधल्या गटाला १ टक्का. एका ठिकाणी ०.१ ते ०.३ मिलिलीटर, त्याहून जास्त नाही. औषध जास्त कडक झालं तर शिरेची भिंत आरपार जळते, औषध बाहेर झिरपतं, कधी कातडीला जखम होते. जोर लावून भरलं तरी तेच. दट्ट्या अडला किंवा कातडी टरारली तर हात थांबवायचा असतो. घाई करणाऱ्या हाताचं हे काम नव्हे.

लोक हमखास विचारतात, शीर बंद केली तर तिच्यातलं रक्त जाणार कुठे? हिशेब करून पाहू. अर्धा मिलिमीटर रुंद आणि दहा सेंटिमीटर लांब रेषेत साधारण ०.०२ मिलिलीटर रक्त मावतं, म्हणजे एक थेंबही नाही. पायातलं बहुतेक सगळं रक्त खोल शिरांतून वर जातं. ही रेषा म्हणजे हमरस्त्याच्या कडेची पायवाट, आणि तीही मोडलेली.

इंजेक्शननंतर झोपून राहायचं नाही, चालायचं. पोटरी चालती राहिली की खोल शिरांतलं रक्त वाहतं राहतं आणि तिथे गुठळी होण्याचा मुळात कमी असलेला धोका आणखी कमी होतो. घट्ट मोजे किती दिवस घालायचे यावर डॉक्टरांमध्येच एकमत नाही, कुणी दोनतीन दिवस सांगतात, कुणी दोनतीन आठवडे.

पुढचे काही आठवडे पाय आधीपेक्षा वाईट दिसतो. हे आधी स्पष्ट न सांगणाऱ्या डॉक्टरकडे मी तरी जाणार नाही. काळेनिळे डाग पडतात. बंद शिरेत अडकलेलं रक्त कधी गाठीसारखं हाताला लागतं, ते बारीक सुईनं टोचून काढून टाकतात, गडद काकवीसारखं बाहेर येतं. शिरेबाहेर झिरपलेल्या रक्तातलं लोह कातडीत साठलं की शिरेच्या वाटेनं तपकिरी रेघ उमटते. ती लोखंडाच्या गंजाचंच भावंड समजायला हरकत नाही. बहुतेकदा सहा महिने ते वर्षभरात ती फिकटते, काहींना हट्टानं जास्त काळ राहते. टोचलेल्या जागेभोवती केसांहून बारीक लाल वाहिन्यांची नवी झालर उगवणं हा आणखी एक ताप. इजा जास्त झाली की शरीर दुरुस्तीच्या भरात नव्या वाहिन्या काढून बसतं. तीही बहुधा काही महिन्यांत ओसरते. फेस वापरला तर क्वचित कुणाला थोडा वेळ डोळ्यांपुढे चमकतं. दर चार माणसांत एकाच्या हृदयाच्या वरच्या कप्प्यांमध्ये जन्मापासूनची बारीक फट राहिलेली असते, त्यातून फेसाचे बुडबुडे हृदयाच्या डाव्या बाजूला, म्हणजे मेंदूकडेही जाणाऱ्या रक्तात, निसटू शकतात. औषधाची तीव्र ॲलर्जी फार विरळा, पण होते. म्हणून ती सांभाळण्याची तयारी जिथे आहे तिथेच हे करावं, ब्यूटी पार्लरमध्ये नाही.

गरोदरपणात आणि अंगावर पाजत असताना हा उपचार टाळतात. गरोदरपणात उमटलेल्या रेषांपैकी बऱ्याच बाळंतपणानंतर काही महिन्यांत आपोआप विरतात, तेव्हा थांबणंच शहाणपणाचं. खोल शिरेत गुठळी असलेल्यांना, अंथरुणाला खिळलेल्यांना आणि या औषधांची ॲलर्जी असलेल्यांनाही नाही. लेझर हा पर्याय आहेच, सुईला फार घाबरणाऱ्यांसाठी आणि सुई शिरणार नाही इतक्या बारीक रेषांसाठी तो बरा पडतो. पायांवर मात्र अजून इंजेक्शनचंच पारडं जड आहे.

एका बैठकीत टोचलेल्या शिरांपैकी साधारण निम्म्या ते ऐंशी टक्के जातात, म्हणून दोनतीन बैठका लागतात, मध्ये चार ते आठ आठवड्यांचं अंतर ठेवून. बारीक रेषा तीन ते सहा आठवड्यांत मावळतात, जाड शिरांना तीनचार महिने लागतात. नीट बंद झालेली शीर सहसा परत उघडत नाही, पण तिच्या शेजारी नवी उमटू शकते, कारण शिरेची जात आणि दाब दोन्ही होते तिथेच आहेत. पहिल्या दिवशी, त्याच उजेडात, त्याच अंतरावरून फोटो काढून ठेवतात तो यासाठीच. तीन महिन्यांनी पेशंट उरलेल्या दोन रेषांवर बोट ठेवून म्हणतात, काहीच फरक पडला नाही. मग डॉक्टर जुना फोटो पुढे सरकवतात, आणि गेलेल्या वीस रेषा त्यांना तेव्हा दिसतात.