भीती, बक्षीस आणि सवय : अभिसंधानाच्या सिद्धान्तांची पार्श्वभूमी

दंतवैद्याच्या दवाखान्यात बाहेरच्या बाकावर बसलेल्या माणसाला आतून यंत्राची घरघर ऐकू आली, की खुर्चीत बसण्याआधीच त्याच्या तळहातांना घाम सुटतो. त्या आवाजाने आजवर कुणाचा दात दुखलेला नाही. मात्र दुखण्याच्या अगोदर तो आवाज पूर्वी ऐकलेला असतो, आणि शरीराला तेवढे पुरते. हाच माणूस ‘पुढच्या आठवड्यात येतो’ असे सांगून बाहेर पडला, तर पायऱ्या उतरताना त्याला जी सुटका वाटते, ती त्याला पुढच्या वेळीही टाळाटाळ करायलाच शिकवते. अनुभवातून प्रतिक्रिया किंवा सवय अशी जडण्याला मानसशास्त्रात अभिसंधान म्हणतात : यातील पहिला भाग अभिजात अभिसंधानाचा आणि दुसरा साधक अभिसंधानाचा. प्रत्यक्ष जगण्यात असे एकमेकांत मिसळलेले हे दोन प्रकार अभ्यासात मात्र अगदी निराळ्या वाटांनी आले.

पहिली वाट सेंट पीटर्सबर्गची. इव्हान पाव्हलॉव्ह हे मूळचे शरीरक्रियाशास्त्रज्ञ आणि १९०४ चे नोबेल पारितोषिक त्यांना पचनसंस्थेवरील संशोधनासाठी मिळाले. कुत्र्यांच्या लाळग्रंथीची नलिका शस्त्रक्रियेने गालाबाहेर काढून अन्नामुळे किती लाळ सुटते हे मोजण्याची त्यांची पद्धत होती. पण सरावलेली कुत्री अन्न तोंडात पडण्यापूर्वीच, खाऊ घालणाऱ्याची चाहूल लागताच, लाळ गाळू लागत. पचनाच्या मोजमापात अडथळा ठरणारी ही गोष्ट बाजूला सारण्याऐवजी पाव्हलॉव्ह यांनी उरलेले आयुष्य तिच्याच अभ्यासाला दिले. अन्नाच्या आधी एखादी खूण वारंवार दिली, की पुढे नुसत्या खुणेनेही लाळ सुटते, असे त्यांना आढळले. अशी खूण म्हणून लोकांच्या लक्षात घंटा राहिली असली, तरी त्यांच्या प्रयोगशाळेत मेट्रोनोमचे (ठरावीक लयीत वाजणाऱ्या यंत्राचे) ठोके, बझर, दिव्याचा प्रकाश, त्वचेला होणारा स्पर्श असे कितीतरी उद्दीपक वापरले जात. नुसता ठोका देऊन अन्न न दिल्यास लाळ हळूहळू थांबते, पण काही काळ विश्रांती देऊन पुन्हा ठोका दिला, तर ती परत सुटते, ही त्यांची नोंद माझ्या मते लाळेच्या मूळ शोधाइतकीच मोलाची आहे. तिच्याकडे पुढे यावे लागेल.

दुसऱ्या वाटेची सुरुवात अमेरिकेत झाली. एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १८९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत भुकेल्या मांजरांना पेटीत कोंडून खटका दाबून सुटायला लावले होते. मांजराला युक्ती एकाएकी ‘सुचत’ नव्हती. निरुपयोगी धडपड कमी होत जाऊन सुटकेला लागणारा वेळ हळूहळू घटत होता. यातून समाधान देणारी कृती पक्की होते, हा परिणामाचा नियम त्यांनी मांडला.

या दोन्ही गोष्टी माणसाला कितपत लागू पडतात, या प्रश्नावर अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॉन वॉटसन यांनी घाईने झेप घेतली. बाल्टिमोर येथे त्यांनी आणि रोझाली रेनर यांनी ‘अल्बर्ट’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या तान्ह्या मुलाला पांढरा उंदीर दाखवताना पोलादी कांबीवर हातोडा आपटून घाबरवले, आणि तो पुढे नुसत्या उंदराला, तसेच सशालाही घाबरू लागल्याचे १९२० मध्ये जाहीर केले. एकाच बाळावर केलेला, त्याची भीती दूर न करताच सोडून दिलेला हा प्रयोग आज कोणतीही नीतिसमिती मान्य करणार नाही, आणि पुरावा म्हणूनही तो तोकडाच आहे. त्यापेक्षा मेरी कव्हर जोन्स यांचे १९२४ चे काम अधिक लक्षात राहायला हवे होते. सशाला घाबरणाऱ्या पीटर नावाच्या मुलाला आवडीचा खाऊ देत असताना ससा थोडा थोडा जवळ आणून त्यांनी ती भीती घालवली.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी १९३० च्या दशकात थॉर्नडाइक यांच्या पेटीऐवजी अशी पेटी वापरली, की जिच्यात उंदीर हवा तितक्या वेळा दांडी दाबून अन्नाची गोळी मिळवू शकेल. या गोळ्या ते स्वतःच यंत्रावर वळत असत. आठ उंदीर दिवसाला प्रत्येकी शंभर गोळ्या फस्त करत. एका शनिवारी दुपारी साठा सोमवार सकाळपर्यंतच पुरेल असे दिसल्यावर त्यांनी दर दाबाला गोळी देणे बंद करून मिनिटाला एकच द्यायचे ठरवले. उंदीर दांडी दाबतच राहिले. याच कामाचा विस्तार चार्ल्स फर्स्टर यांच्यासह १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जाडजूड ग्रंथात आहे, आणि त्यातून ठसलेली गोष्ट अशी, की कधीमधी, अंदाज न येता मिळणारे बक्षीस वर्तनाला सर्वांत चिवट बनवते. जेवताना मोबाईल मागणाऱ्या मुलाला आईवडील सहा दिवस ठाम नकार देतात आणि सातव्या दिवशी पाहुण्यांसमोर तमाशा नको म्हणून मोबाईल हातात देतात, तेव्हा हट्ट मोडलेला नसतो. अधिक वेळ रडण्याचे फळ मिळते एवढेच मूल शिकते. जुगाराच्या यंत्रांचा सगळा धंदा याच तत्त्वावर चालतो.

दोन गोष्टी पुन्हापुन्हा सोबत आल्या की त्या जोडल्या जातात, ही सोपी कल्पना १९६० च्या दशकात ढासळली. जॉन गार्सिया आणि रॉबर्ट कोलिंग यांनी १९६६ मध्ये दाखवले, की मळमळ झालेला उंदीर पाण्याची चव टाळतो, पण पिताना दिसलेला प्रकाश व ऐकलेला आवाज टाळत नाही. विजेचा धक्का बसलेल्याचे नेमके उलट होते. रॉबर्ट रेस्कोर्ला यांच्या १९६८ च्या प्रयोगांत, आवाज नसतानाही धक्के तितकेच बसत असतील तर आवाजाची भीती रुजत नाही, असे आढळले. म्हणजे प्राणी जोड्या मोजत बसत नाही. एका गोष्टीवरून दुसरीचा अंदाज बांधता येतो का, हे तो शिकतो. इलीन बर्नस्टाइन यांनी १९७८ मध्ये केमोथेरपीपूर्वी विशिष्ट आइस्क्रीम खाल्लेल्या मुलांना नंतर ते नकोसे झाल्याचे नोंदवले. औषधामुळे मळमळ होते हे ठाऊक असूनही नावड जडू शकते, ही यातील विशेष बाब.

भीती आणि टाळाटाळ यांची सांगड ओ. होबार्ट मावरर यांनी १९४७ मध्येच घातली होती : भीती अभिजात मार्गाने जडते आणि टाळल्याने मिळणारी सुटका तिला जिवंत ठेवते. त्यामुळे दंतवैद्याकडे न जाणाऱ्याची भीती आपोआप ओसरत नाही, कारण यंत्राचा आवाज ऐकूनही दुखले नाही, हा अनुभव त्याच्या वाट्यालाच येत नाही. जोसेफ वोल्पी यांनी १९५८ मध्ये मांडलेली, शरीर सैल सोडून भीतीला पायरीपायरीने सामोरे नेणारी उपचारपद्धती या साखळीवरच घाव घालते. मात्र पाव्हलॉव्ह यांची ती जुनी नोंद इथे आड येते. विझलेली प्रतिक्रिया पुसली जात नाही, तिच्यावर नवे शिकणे चढते, आणि मार्क बाउटन यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून केलेल्या प्रयोगांनुसार हे नवे शिकणे जागेशी बांधलेले असते. जागा बदलली की जुनी भीती परतते. म्हणूनच भीतीवरील उपचारांत आता सराव एकाच खोलीत न उरकता वेगवेगळ्या ठिकाणी करून घेतला जातो, आणि व्यसनमुक्ती केंद्रात महिनोन्महिने दारूचे नाव न काढलेल्या माणसाला घरी परतल्यावर ओळखीच्या नाक्यावर तल्लफ का येते, याचाही काही उलगडा त्यातून होतो.