आठ आऱ्यांचे चाक आणि निसर्गाची दोन घड्याळे

इंग्लंडमध्ये स्टोनहेंज या प्राचीन दगडी वर्तुळाच्या माळावर २१ डिसेंबरच्या भर दुपारी दक्षिणेकडे तोंड करून उभे राहा. हात ताठ पुढे धरून मूठ वळा. हातभर अंतरावरची एक मूठ म्हणजे आकाशातले साधारण दहा अंश. क्षितिजावर एक मूठ आणि तिच्यावर अर्धी ठेवली की तिथे सूर्य. त्या दिवशी तो याहून वर चढतच नाही. पावणेआठ तासांच्या आसपास दिवस आटोपतो. त्याच दुपारी मुंबईत सूर्य पावणेपाच मुठी वर असतो आणि दिवस चांगला अकरा तासांचा असतो.

या दिवसाला आधुनिक ड्रुइड मंडळी, म्हणजे ब्रिटनमधल्या जुन्या पुरोहितांचे नाव घेणारे आजचे निसर्गपूजक, ‘अल्बान आर्थान’ म्हणतात. गोलात उभे राहून सगळे दिवे विझवायचे, थोडा वेळ काळोखात गप्प राहायचे, मग एक ज्योत पेटवायची आणि तिच्यावरून दुसरी, तिसरी. विधी इतकाच. पण दीड मुठीचा तो सूर्य एकदा पाहिला की ती ज्योत का पेटवायची, हे कुणी समजावून सांगावे लागत नाही.

ड्रुइड म्हणजे रोमनांच्या आधी ब्रिटन आणि गॉलमध्ये (साधारण आजच्या फ्रान्समध्ये) असलेले केल्टिक पुरोहित. ते ताऱ्यांच्या गतीची चर्चा करत आणि आपली पवित्र विद्या लिहून ठेवत नसत, असे ज्युलियस सीझरने नोंदवले आहे. स्टोनहेंज त्यांनी बांधलेले नाही. तिथले मोठे दगड इसवी सनापूर्वी २५०० च्या सुमारास उभे राहिले आणि ड्रुइडांचे उल्लेख त्यानंतर दोन हजार वर्षांहून अधिक काळाने सापडतात. दोघांची सांगड घातली ती सतराव्या-अठराव्या शतकांतल्या जॉन ऑब्री आणि विल्यम स्टकली या पुराणवस्तूंच्या अभ्यासकांनी. आजचा ड्रुइडपंथ त्या काळच्या उत्साहातून उगवला. वर्षातले आठ सण एका चाकात बसवण्याची कल्पना तर १९५० च्या दशकातली. रॉस निकल्स यांनी १९६४ मध्ये स्थापलेल्या ड्रुइड संघात ती पक्की रुजली. मला हे नवेपण खटकत नाही. मांडणी नवी असली तरी सण ज्यावर बेतले आहेत तो सूर्य आणि ती माती नवी नाही, आणि या आठ सणांमागचे विज्ञान फार सुंदर आहे.

आठांपैकी चार सण आकाशाचे आहेत: दोन अयनदिन (वर्षातला सर्वांत लहान आणि सर्वांत मोठा दिवस) आणि दोन संपात (दिवस-रात्र सारखे असतात ते दिवस). पृथ्वीचा अक्ष २३.४ अंशांनी कललेला आहे, त्यामुळे सूर्योदयाची जागा वर्षभर क्षितिजावर येरझाऱ्या घालते. मुंबईत ही येरझार साधारण ५० अंशांची, तर स्टोनहेंजला जवळपास ८० अंशांची. तिथल्या माणसाला सूर्य खरोखरच परगावी गेल्यासारखा वाटत असणार. संपाताच्या सुमारास तिथली उगवतीची जागा रोज सूर्याच्या बिंबापेक्षाही जास्त सरकते आणि दिवसाची लांबी रोज जवळजवळ चार मिनिटांनी बदलते. आपल्याकडे हाच फरक रोज मिनिटभराचा. अयनदिन आला की मात्र सूर्य जणू थबकतो. चार-पाच दिवस तो क्षितिजावरच्या एकाच खाचेतून वर येतो असे डोळ्याला वाटते. म्हणून उपकरणे नसलेल्या माणसाला ‘सूर्य आता वळला’ हे ओळखता आले, आणि नेमका दिवस एखाद्याने इकडेतिकडे धरला तरी काही बिघडले नाही.

आयर्लंडमधले न्यूग्रेंज पाहा. इसवी सनापूर्वी ३२०० च्या सुमाराचा हा दगडामातीचा टेकडीवजा थडगेवाडा. दारावर एक चौकोनी झरोका आहे. मायकेल ओकेली हे पुरातत्त्वज्ञ २१ डिसेंबर १९६७ च्या पहाटे आतल्या दालनात एकटेच जाऊन उभे राहिले. सूर्य उगवल्यावर काही मिनिटांतच झरोक्यातून प्रकाशाची बारीक पट्टी आत आली आणि १९ मीटरच्या बोळातून सरकत दालनाच्या जमिनीवर पोचली. सतरा मिनिटे तो प्रकाश आत राहिला. बांधणाऱ्यांनी पाच हजार वर्षांपूर्वी साधलेला नेम अजून चुकत नाही. इतक्या काळात पृथ्वीचा कल अर्ध्या अंशाने घटला आणि उगवतीची जागा जवळपास एका अंशाने हलली, तरीही! सूर्याच्या त्या थबकण्यामुळे हा प्रकाश अयनदिनाच्या आगेमागे काही पहाटे दिसतो.

उरलेले चार सण मातीचे. साविन १ नोव्हेंबरला, इम्बोल्क १ फेब्रुवारीला, बेल्टेन १ मे रोजी आणि लुनासा १ ऑगस्टला. हे जुन्या आयरिश गुराखी आणि शेतकऱ्यांचे दिवस: गुरे खाली आणायची, गुरे कुरणावर सोडायची, पहिले पीक कापायचे. यातला इम्बोल्क मला सर्वांत आवडतो. एका जुन्या आयरिश शब्दकोशाने त्याचा संबंध मेंढीच्या दुधाशी जोडला आहे. फेब्रुवारीत तिथे थंडीचा कडाका असतो, साठवणीचे धान्य तळाला गेलेले असते, आणि अशा वेळी मेंढ्या विऊ लागतात, त्यांना पान्हा फुटतो. नव्या वर्षातले पहिले ताजे अन्न ते.

पण मेंढीला फेब्रुवारी कळतो कसा? ती दिवसाची लांबी मोजते. अंधार पडला की मेंदूतल्या पीनियल ग्रंथीतून मेलाटोनिन हे संप्रेरक स्रवते. शरदात रात्री लांबू लागतात तसा हा स्राव रोज जास्त वेळ चालतो, आणि त्या इशाऱ्यावर मेंढी माजावर येते. गाभणकाळ पाच महिन्यांचा. सप्टेंबरमध्ये फळली की कोकरू फेब्रुवारीत, म्हणजे ते चरू लागेल तोवर कोवळे गवत वर आलेले. उत्तरेकडे ऋतू ओळखायला प्रकाशाहून खात्रीची खूण नाही. आपल्या माणदेशातल्या मेंढीचे गणित वेगळे. इथे दिवसाची लांबी फारशी बदलत नाही, त्यामुळे तिचे विणे चाऱ्यापाण्यावर जास्त अवलंबून असते.

आठ आऱ्यांचे हे चाक चित्रात अगदी गोल काढतात. प्रत्यक्षात ते थोडे वेडेवाकडे आहे. पृथ्वी जानेवारीच्या सुरुवातीला सूर्याच्या सर्वांत जवळ, १४.७ कोटी किलोमीटरवर असते आणि तेव्हा ती वेगाने धावते. जुलैत ती १५.२ कोटींवर असते आणि रेंगाळते. म्हणून हिवाळी अयनदिन ते वसंतसंपात हे अंतर ८९ दिवसांचे, तर उन्हाळी अयनदिन ते शरदसंपात साडेत्र्याण्णव दिवसांचे. चाकाचा थंडीकडचा भाग आखूड आहे. उत्तर गोलार्धातल्या माणसांचे ते नशीबच! ऑस्ट्रेलियातले ड्रुइड तर चाक उलटेच फिरवतात. त्यांचे साविन मे महिन्यात आणि बेल्टेन नोव्हेंबरात.

आपली मकरसंक्रांत याच आकाशाच्या सणांची नातलग. सुमारे सतराशे वर्षांपूर्वी ती आणि उत्तरायणाचा आरंभ एकाच दिवशी येत. संक्रांत ताऱ्यांना बांधलेली, अयनदिन सूर्याच्या वळण्याला. आणि पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा डुलत असल्याने दोघांत दर ७१-७२ वर्षांनी एका दिवसाची फट वाढते. आज ती तीन आठवड्यांच्या पुढे गेली आहे. ड्रुइडांनी चारही आकाशी सण थेट सूर्याला बांधल्यामुळे त्यांच्यात अशी फट पडत नाही.

मातीच्या सणांची गोष्ट मात्र हलती आहे. बेल्टेनचे झाड म्हणजे हॉथॉर्न: काटेरी, कुंपणाला लावतात ते, पांढऱ्याशुभ्र झुबक्यांनी भरणारे. इंग्लंडमध्ये त्याच्या बहराचेच नाव ‘मे’. ब्रिटनने १७५२ मध्ये दिनदर्शिका बदलली, सप्टेंबरातले अकरा दिवस गाळले, आणि १ मे हा दिवस ऋतूच्या मानाने अकरा दिवस आधी येऊ लागला. सणाला फुलेच मिळेनाशी झाली, बहर मेच्या मध्यावर गेला. आता तो पुन्हा १ मेच्या आसपास, दक्षिण इंग्लंडमध्ये तर अनेकदा एप्रिलमध्येच येतो. या वेळी दिनदर्शिका बदललेली नाही, हवा बदलली आहे. हॉथॉर्न आधी पुरेशी थंडी आणि मग पुरेशी ऊब मोजतो. उबेची बेरीज लवकर भरली की तो लवकर फुलतो. ब्रिटनमधल्या ४०६ वनस्पतींच्या अठराव्या शतकापासूनच्या नोंदी तपासून २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले, की १९८७ नंतरच्या काळात पहिली फुले आधीच्यापेक्षा सरासरी जवळजवळ महिनाभर लवकर येत आहेत.

म्हणजे निसर्गात दोन घड्याळे चालू आहेत. एक प्रकाशाचे, ते जागच्या जागी आहे. दुसरे उबेचे, ते पुढे पळू लागले आहे. जो जीव दोन्ही घड्याळे बघतो, किंवा स्वतः एक घड्याळ बघतो आणि ज्याचे अन्न दुसरे बघते, त्याची ओढाताण होते. ऑक्सफर्डजवळच्या वायथम रानात ग्रेट टिट पक्ष्यांच्या घरट्यांची नोंद १९४७ पासून सुरू आहे. आपल्या वल्गुलीचा हा भाऊबंद ओकच्या पालवीवरच्या अळ्यांवर पिले वाढवतो. त्याने अंडी घालण्याची वेळ सुमारे दोन आठवडे अलीकडे आणली आहे. तो रानातच राहतो, त्याला ऊब जाणवते. पण पश्चिम आफ्रिकेत हिवाळा काढणारा एक काळा-पांढरा माशीमार पक्षी निघतो तो दिवसाच्या लांबीवरून. युरोपात ऊन लवकर तापले, हे त्याला तिथे बसून कसे कळावे? नेदरलँड्समध्ये जिथे अळ्यांचा हंगाम फार अलीकडे सरकला, तिथे त्याची संख्या झपाट्याने घसरली.

काही ड्रुइड मंडळींनी आता मातीचे सण तारखेवर करणे सोडले आहे. जवळच्या कुंपणावरच्या हॉथॉर्नपाशी ती रोज जाऊन कळ्या बघतात, आणि पहिला झुबका उमलेल त्या दिवशी बेल्टेन धरतात.