‘त्रास झाला असता तर ती तिथेच बोलली असती’

विद्यापीठातल्या मुलामुलींमध्ये लैंगिक छळाचा विषय निघाला की हे वाक्य येतंच. मुलीही म्हणतात, ‘मी असते तर तोंडावर सुनावलं असतं.’ हा समज चुकीचा आहे आणि तो तपासूनही झाला आहे.

ज्युली वुडझिका आणि मरियान लाफ्रान्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी 2001 मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध केला. आधी विद्यार्थिनींना विचारलं: नोकरीच्या मुलाखतीत पुरुषाने ‘बॉयफ्रेंड आहे का?’ असे प्रश्न विचारले तर काय कराल? 68 टक्के म्हणाल्या, निदान एका तरी प्रश्नाचं उत्तर देणार नाही. मग दुसऱ्या काही तरुणींना खऱ्या वाटणाऱ्या मुलाखतीत तेच प्रश्न विचारले. उत्तर नाकारणारी एकही निघाली नाही. कल्पनेत राग येतो. खुर्चीत बसल्यावर आधी भीती वाटते. (मला तर यात नवल वाटत नाही. समोरच्याच्या हातात आपली नोकरी असते.)

पीएचडीच्या गाईडच्या केबिनमध्येही तेच. प्रबंधावर सही त्याचीच हवी असते. तिथे एखादी विद्यार्थिनी कसनुसं हसली, विषय बदलला, तर ती संमती नव्हे. ती सुटका शोधत होती. तक्रार सहा महिन्यांनी आली म्हणून ती खोटी ठरत नाही.