आतड्याचा कॅन्सर आणि वाट सोडून निघालेल्या गाठी

यवतमाळ-गडचिरोलीकडच्या गावांत मानेला गाठ आली की पहिला संशय टीबीचा येतो. त्यात गैर काही नाही. टीबी इथून गेलेला नाही, आणि ‘गंडमाळ’ हा शब्द म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी अजून आहे. पण गाठ डाव्या हासळीच्या हाडावरच्या खळग्यात असेल, टणक असेल, दुखत नसेल, आणि माणूस संडासवाटे रक्त जातं म्हणून महिनोन्‌महिने मूळव्याधीचं औषध घेत असेल, तर डॉक्टरांनी पोटही तपासायला हवं. या जागच्या गाठीचा पोटातल्या कॅन्सरशी संबंध जर्मन वैद्य रुडॉल्फ फिर्खो यांनी १८४८ मध्येच सांगितला होता. पोटातली लसिका, म्हणजे पेशींभोवती झिरपलेला पाण्यासारखा द्रव, छातीतल्या मोठ्या नळीतून वर चढते आणि डाव्या बाजूला, मानेच्या बुडाशी रक्तात मिसळते. म्हणून गाठ डावीकडे.

मोठ्या आतड्याचा कॅन्सर मात्र सहसा असा थेट मानेत जात नाही. त्याची नेहमीची वाट १९०९ मध्ये इंग्लंडच्या जेमिसन आणि डॉब्सन यांनी आखून दिली. त्यांनी लसिकाग्रंथींचे, म्हणजे लसिका गाळणाऱ्या छोट्या गाठींचे, चार थर सांगितले: आतड्याच्या भिंतीवरच्या, तिच्या कडेच्या, रक्तवाहिन्यांच्या मधल्या टप्प्यावरच्या आणि शेवटी मुख्य रक्तवाहिनीच्या मुळाशी असलेल्या. रोग याच क्रमाने पुढे सरकतो, हे गृहीत धरूनच पुढे शस्त्रक्रिया बेतल्या गेल्या. लंडनच्या सेंट मार्क्स रुग्णालयातले कथबर्ट ड्यूक्स यांनी १९३२ मध्ये गुदाशयाच्या कॅन्सरचे अ, ब, क असे टप्पे पाडले. क म्हणजे ग्रंथींपर्यंत पोचलेला. १९३५ मध्ये त्याचेही दोन भाग झाले: फक्त जवळच्या ग्रंथी बाधित, की सर्जनने रक्तवाहिनी जिथे बांधली तिथली सर्वात वरची ग्रंथीसुद्धा.

पण काही रुग्णांत जवळच्या ग्रंथी स्वच्छ आणि लांबची बाधित निघते. याला ‘स्किप’ म्हणतात. मोठ्या आतड्याच्या उजव्या वळणावरचा कॅन्सर कधी जठराखालच्या ग्रंथींत सापडतो. गुदाशयाच्या खालच्या टोकाचा कधी कमरेच्या आत, बाजूच्या ग्रंथींत जातो, कधी जांघेत. बाजूच्या या ग्रंथी काढण्यावर जपानी सर्जनांचा पहिल्यापासून भर राहिला. पाश्चात्त्य देशांनी ऑपरेशनआधी केमो-रेडिएशन द्यायचा रस्ता धरला. आतड्याचा ट्यूमर पोटाच्या भिंतीला चिकटला, तर भिंतीची लसिका जाते तिकडे, म्हणजे बेंबीखालून जांघेत आणि बेंबीवरून काखेत, रोग पोचू शकतो.

कारण फार गूढ नाही. मूळ वाट पेशींनी तुंबली की लसिका बाजूला वळते, पाटात माती साचली की पाणी बांध फोडून शेजारच्या वावरात शिरतं तशी. आधीच्या ऑपरेशननेही वाटा बदलतात. आणि कधी कधी ‘स्किप’ नसतोच. जवळच्या ग्रंथीतला कॅन्सरचा बारीकसा ठिपका सूक्ष्मदर्शकाखालच्या काचेवर नजरेतून निसटलेला असतो. माझ्या मते हा शेवटचा मुद्दा आपल्याकडे सर्वात कमी बोलला जातो. काढलेल्या आतड्यातून निदान १२ ग्रंथी तपासाव्यात हा दंडक आहे. त्या चरबीतून बोटांनी चाचपून शोधाव्या लागतात. तीनच सापडल्या, तर ‘ग्रंथी स्वच्छ’ या शेऱ्याला फारसं वजन नाही.

२०१७ मध्ये क्रमाच्या कल्पनेलाच धक्का बसला. १७ रुग्णांच्या नमुन्यांचा जनुकीय अभ्यास झाला, त्यात सुमारे ६५ टक्के रुग्णांत ग्रंथींतला कॅन्सर आणि दूरच्या अवयवातला कॅन्सर मूळ ट्यूमरच्या वेगवेगळ्या पेशीवंशांतून आलेले दिसले. म्हणजे लांब जायला ग्रंथीतूनच जावं लागतं असं नाही.

विदर्भातल्या डॉक्टरांपुढे आणखी एक गुंता असतो. लहान-मोठ्या आतड्याच्या सांध्यावरचा टीबी सिटी स्कॅनवर हुबेहूब कॅन्सरसारखा दिसू शकतो, आणि टीबीनेही पोटातल्या ग्रंथी सुजतात. उलट, कॅन्सरजवळच्या ग्रंथींत कधी टीबीसारखे दाणे दिसतात, टीबी नसतानाही. एकाच माणसाला दोन्ही आजार असणंही अशक्य नाही. त्यामुळे आवाक्यातल्या गाठीतून सुईने नमुना घ्यावा, आतड्याची दुर्बिणीतून बायोप्सी करावी, आणि टीबीच्या गोळ्या शक्यतो त्यानंतरच सुरू कराव्यात. मानेतल्या गाठीत आतड्याचा कॅन्सर निघाला तर तो चौथा, म्हणजे शेवटचा टप्पा धरतात. तिथे उपचार ठरवताना औषधांचा विचार आधी होतो, ऑपरेशनचा नंतर.