कापड चढवलं की कुंपणाचं शीड होतं

बांधकामाच्या साइटभोवतीचं तात्पुरतं कुंपण हे एक साधं प्रकरण असतं. लोखंडी नळ्यांची चौकट, तिच्यात तारांची जाळी, आणि जमिनीत खड्डा न घेता नुसता वर ठेवलेला काँक्रीटचा ठोकळा, ज्यात चौकटीचे पाय अडकवतात. वारा त्यातून आरपार जातो. मग एक दिवस धूळ बाहेर जाऊ नये म्हणून, किंवा आतलं काम दिसू नये म्हणून, कोणीतरी त्यावर हिरवी जाळी किंवा छापील फ्लेक्स बांधतं. वजनात जेमतेम किलो-दोन किलोंची भर पडते. ठोकळे तेच राहतात आणि बघणाऱ्याला कुंपण उलट अधिक भक्कम वाटू लागतं. खरं तर त्या क्षणी ते शीड झालेलं असतं.

हिशेब करून पाहू. एक पॅनेल, म्हणजे जाळीसकट एक चौकट, ३.५ मीटर लांब आणि २ मीटर उंच, म्हणजे ७ चौरस मीटरचं. त्याचं वजन २० किलो धरू. शेजारशेजारची पॅनेलं एकच ठोकळा वाटून घेतात, त्यामुळे पॅनेलमागे एक ठोकळा, ३५ किलोंचा. तो कुंपणाच्या पुढे-मागे ३५-३५ सेंटीमीटर पसरलेला आहे.

ताशी ३६ किलोमीटरचा, म्हणजे सेकंदाला १० मीटरचा वारा अडवला की दर चौरस मीटरवर सुमारे ६ किलो वजनाइतका दाब येतो. सपाट आडोशाला समोरून ढकललं जातं आणि पाठीमागे हवा विरळ होऊन तो मागेही खेचला जातो, म्हणून ही संख्या १.२ ने गुणायची. पूर्ण झाकलेल्या आपल्या पॅनेलवर एकूण जोर ५० किलोंच्या वर जातो. तोही सरासरी एक मीटर उंचीवरून, म्हणजे लांब दांड्याने उचकटल्यासारखा. त्याच्या विरोधात उभं आहे ५५ किलोंचं वजन, पण त्याला मिळालेला दांडा फक्त ३५ सेंटीमीटरचा.

हे पॅनेल वाऱ्याच्या किती वेगाला उलटतं? उत्तर येतं ताशी साधारण २२ किलोमीटर. वाऱ्याची तीव्रता मोजायच्या ब्यूफोर्ट मोजपट्टीत ही चौथी पायरी आहे आणि तिचं वर्णनच असं आहे: धूळ आणि सुटे कागद उडतात, लहान फांद्या हलतात. म्हणजे ज्या धुळीसाठी कापड बांधलं, ती उडायला लागते तेव्हाच हे कुंपण आडवं व्हायच्या बेतात असतं! कापड नसताना तारा आणि नळ्या मिळून क्षेत्रफळाचा दहावा भाग अडवतात असं धरलं, तर तेच पॅनेल ताशी ७० किलोमीटरपर्यंत तग धरतं. वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो, त्यामुळे दहापट जोराचा फरक वेगात जेमतेम तिप्पट दिसतो. साइटवरच्या माणसाला मात्र हा तिप्पट फरक म्हणजे रोजचा वारा आणि वादळ यांच्यातला फरक आहे.

इथे एक समज फार पसरलेला आहे, की पन्नास टक्के सच्छिद्र जाळी लावली की जोर निम्मा होतो. तसं होत नाही. बारीक छिद्रांतून जाताना हवेला वेग घ्यावा लागतो, बाहेर पडल्यावर तो वेग भोवऱ्यांत वाया जातो, आणि ही ऊर्जा पुरवण्यासाठी जाळीच्या पुढ्यात दाब साचतो. अर्धी उघडी जाळीही भरीव आडोशाच्या निम्म्याहून बराच जास्त जोर घेते. त्यात पावसाचं पाणी आणि धुळीची चिकटण छिद्रं बुजवतात. फ्लेक्सला चार-पाच अर्धवर्तुळाकार चिरा मारायची पद्धत तर मला फसवीच वाटते. त्या चिरांचं एकूण क्षेत्रफळ कापडाच्या मानाने नगण्य असतं.

वाऱ्याचा अंदाज सरासरीत सांगितला जातो, कुंपण मात्र झोतात, म्हणजे काही सेकंदच टिकणाऱ्या जोरदार वाऱ्यात पडतं. स्कॉटलंडमधला टे नदीवरचा रेल्वे पूल २८ डिसेंबर १८७९ रोजी वादळात गाडीसह कोसळला. त्याच्या आरेखनात वाऱ्याच्या जोरासाठी वेगळी तरतूदच नव्हती. पुढे स्कॉटलंडमधलाच फोर्थ रेल्वे पूल बांधताना अभियंता बेंजामिन बेकर यांनी लहान-मोठ्या फळ्या वाऱ्यात उभ्या करून दाब मोजला, तेव्हा मोठ्या फळीवर दर चौरस फुटामागचा दाब लहान फळीपेक्षा कमी निघाला. झोत आकाराने मर्यादित असतो, तो अख्ख्या मोठ्या वस्तूला एकाच वेळी पूर्ण जोराने गाठत नाही. कुंपणाचं पॅनेल मात्र इतकं लहान आहे की दोन-तीन सेकंदांचा झोतही त्याला पुरता कवेत घेतो. म्हणून सरासरी वेग नव्हे, झोताचा वेग विचारायचा. दोन इमारतींमधल्या बोळात तर तो आणखी वाढतो.

कुंपणाचं मोकळं टोक सगळ्यात आधी का उचललं जातं, याचंही कारण आहे. युरोपीय मानकात सुट्या भिंतीच्या टोकाकडच्या, उंचीच्या साधारण तिसऱ्या भागाएवढ्या पट्ट्यात मधल्या भागाच्या जवळपास दुप्पट किंवा त्याहून जास्त दाब धरलेला आहे. टोकाशी कुंपण काटकोनात वळवून दोन मीटर पुढे नेलं की हा दाब कमी होतो, आणि कुंपणाला स्वतःच्या पायावर उभं राहायला मदतही होते. कागदाची पट्टी सरळ उभी करून पाहा, पडेल. नागमोडी घडी घाला, उभी राहील.

मग तिरपा टेकू देतात. याच्याबद्दल थोडं थांबून सांगावंसं वाटतं, कारण चूक इथेच होते. टेकूचं टोक कुंपणापासून दीड मीटर मागे आणि त्यावर वजन, अशी रचना असते. वारा टेकूच्या बाजूने आला तर ते वजन दीड मीटरच्या दांड्याने कुंपण मागे खेचून धरतं. ताशी ७२ किलोमीटरच्या झोतालाही अशा वेळी साधारण १२५ किलो पुरतात. पण वारा समोरून आला, तर सगळी रचना टेकूच्या टोकावरच उलटू पाहते आणि नेमक्या त्याच टोकावर ठेवलेलं वजन काहीच कामाचं राहत नाही. तेव्हा उचलले जातात कुंपणाचे पाय, आणि त्यांच्यावर तो जुना ३५ किलोंचा ठोकळाच असतो. हे पॅनेल ताशी ४६ किलोमीटरला उलटतं. वजन दोन्हीकडे हवं. शिवाय त्याच वेगाच्या आसपास सगळंच्या सगळं डांबरावरून घसरूही शकतं, कारण घर्षण वजनाच्या निम्म्याएवढंच साथ देतं.

म्हणून कापड बांधायचा निर्णय आणि वजन वाढवायचा निर्णय एकाच माणसाने, एकाच वेळी घ्यायला हवा. वादळाची सूचना आली तर कापड आधीच उतरवावं, आणि ते सहज सुटेल असं बांधलेलं असावं. वारा सुटल्यावर मात्र त्याच्या जवळ जाऊ नये. डोलणारं पॅनेल हाताने धरायला धावणारे कामगार असतात, आणि त्यांची काळजी वाटते. ताशी ४० किलोमीटरच्या झोतात एका पॅनेलवर ६० किलोंहून जास्त जोर असतो, आणि चिमट्यांनी जोडलेली शेजारची पॅनेलंही त्याच्या मागोमाग येतात. अशा वेळी कुंपणाच्या दोन्ही बाजूंना त्याच्या उंचीपेक्षा जास्त अंतरावर सगळ्यांना हटवावं, रस्त्यावरून चालणाऱ्यांनाही, आणि झोत ओसरेपर्यंत ते पडत असेल तर पडू द्यावं.