शाब्बासकी कुठे लागू पडते?

बावन्नातून सत्तावीस वजा करायला सांगितल्यावर चौथीतल्या मुलाने उत्तर लिहिलं, ३५. वहीत लाल फुली आणि शेजारी शेरा: 'लक्ष देऊन सोडव.'

आता हेच त्या मुलाच्या बाजूने बघू. एककाच्या घरात वर २, खाली ७. दोनातून सात जात नाहीत हे त्याला दिसलं, म्हणून त्याने सातातून दोन काढले, आले ५. दशकाच्या घरात पाचातून दोन गेले, उरले ३. पस्तीस. यात लक्ष कुठे कमी पडलं? पोरानं तर एक नियम काटेकोर पाळलाय, की वरखालच्या दोन आकड्यांतल्या मोठ्यातून लहान काढायचा. नियमच चुकीचा आहे. ४८ मधून २३ काढताना हाच नियम बरोबर उत्तर देतो, त्यामुळे त्याचा त्यावरचा विश्वास आणखी पक्का होतो. जॉन सीली ब्राउन आणि रिचर्ड बर्टन या अमेरिकी संशोधकांनी १९७८ साली वजाबाकीतल्या चुकांचा बारकाईने अभ्यास मांडला. मुलांच्या पुष्कळशा चुका वेंधळेपणाच्या नसतात, कुठल्यातरी चुकीच्या पण ठाम रीतीतून त्या येतात, असं त्यांना दिसलं.

अशा मुलाला 'पन्नास वजाबाक्या लिहून आण' म्हटलं तर काय होईल? तो पन्नास वेळा चुकीची रीत घोटेल. चिकाटीचे गोडवे गाणाऱ्या भाषणांत ही अडचण कधी येत नाही. चिकाटी हवीच, पण ती कुठल्या रीतीला चिकटली आहे हे आधी बघावं लागतं.

ही चुकीची रीत मुलाकडे येते तरी कशी? सातारा-सांगलीच्या पूर्व भागात त्याची कारणं शोधायला लांब जावं लागत नाही. माण किंवा जतमधलं एखादं कुटुंब दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडीला बाहेर पडतं आणि पोर चारपाच महिने कारखान्याच्या तळावर राहतं. तेवढ्या काळात वर्गात दशक सुटा करायला शिकवलं गेलं असेल तर ते राहून गेलं. विटा-आटपाडीकडची गलाईवाली, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याचा धंदा करणारी कुटुंबं देशभर पसरलेली आहेत. तिकडे दुसरी-तिसरी शिकलेलं मूल आजीकडे गावी परत येतं आणि एकदम मराठी पुस्तकासमोर बसतं. जतच्या सीमेलगतच्या गावांत घरची भाषा कानडी असते. यांतल्या कुणाच्याच डोक्यात काही कमी नाही. एक पायरी निसटलेली असते आणि वर्ग पुढे गेलेला असतो. पण वहीतल्या फुल्या साठत जातात तसा वर्गात बोभाटा होतो: हा गणितात कच्चा. वर्षभरात तो स्वतःही तेच सांगायला लागतो.

गंमत म्हणजे हेच पोर आठवडी बाजारात आईच्या पाटीशेजारी बसून सुट्ट्या पैशांचा हिशेब बिनचूक करत असतं. ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात रस्त्यावर नारळ, लिंबं विकणाऱ्या मुलांचा अभ्यास १९८५ साली प्रसिद्ध झाला. मुलं अगदी मोजकी होती, पण निकाल विसरण्यासारखा नव्हता. गिऱ्हाईक होऊन विचारलेले ९८ टक्के हिशेब बरोबर आले, तशीच गणितं कागदावर दिली तेव्हा जेमतेम ३७ टक्के. अलीकडे दिल्ली-कोलकात्याच्या बाजारांत काम करणाऱ्या मुलांवर झालेल्या मोठ्या अभ्यासातही हीच दरी दिसली. उलट बाजूही दिसली: शाळेत पुस्तकी गणित करणाऱ्या मुलांना बाजारातला हिशेब जमत नव्हता. एकातली हुशारी दुसऱ्यात आपोआप उतरत नाही, कुणीतरी मधे दुवा जोडावा लागतो. दहाच्या पाच नोटा आणि दोन सुटे रुपये हातात देऊन सत्तावीस मागितले की मूल आपणहून एक नोट मोडायला निघतं. दशक सुटा करणं ते हेच, आणि ते त्याला येत असतं.

'मला येतच नाही' ही भावना मेंदूत कशी बसते, याचा शोध एका आज क्रूर वाटणाऱ्या प्रयोगापासून सुरू झाला. १९६७ साली मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर यांनी कुत्र्यांच्या एका गटाला विजेचे असे झटके दिले, की काहीही केलं तरी ते थांबत नसत. दुसऱ्या गटाला तेवढेच झटके बसत, पण त्यांना ते थांबवता येत. पुढे दोन्ही गटांना एका पेटीत ठेवलं, तिथे मधली बुटकी आडकाठी ओलांडली की सुटका होती. दुसऱ्या गटातले कुत्रे उडी मारून गेले. पहिल्या गटातले बरेचसे जागीच पडून राहिले. सुटका समोर असताना त्यांनी प्रयत्नच केला नाही. हे 'शिकलेलं हताशपण' पुढे पाठ्यपुस्तकांत गेलं.

सहसा सांगितले जात नाहीत ते या गोष्टीचे पुढचे दोन भाग. त्या कुत्र्यांना बरं करायला संशोधकांनी गळ्यात पट्टा अडकवून पुन्हा पुन्हा आडकाठीपलीकडे ओढून नेलं. अंग पलीकडे गेलं की झटका थांबतो हे अनेकदा प्रत्यक्ष भोगल्यावर कुत्रे आपणहून उड्या मारायला लागले. दुसरा भाग २०१६ चा. मधल्या काळात उंदरांच्या मेंदूवर झालेल्या कामाच्या आधारे त्याच दोघांनी आपला मूळ सिद्धान्त उलटा केला. सततच्या त्रासात गप्प पडून राहणं ही मेंदूची मुळातली प्रतिक्रिया आहे, ती शिकावी लागत नाही, असं आता ते म्हणाले. शिकावं लागतं ते 'हे माझ्या हातात आहे' हे. तो अनुभव आला की मेंदूचा पुढचा भाग त्या मूळ प्रतिक्रियेला आवर घालायला शिकतो. पन्नास वर्षांनी स्वतःच्याच गाजलेल्या सिद्धान्ताची दिशा बदलणं हे विज्ञानातही रोज घडत नाही.

शाळेपुरता याचा अर्थ सरळ आहे. मागच्या बाकावर गप्प बसलेल्या मुलाला 'घाबरू नकोस, तुला जमेल' एवढं सांगून भागत नाही, त्याला एकदा पलीकडे न्यावं लागतं.

भीतीचा हिशेबावर थेट परिणामही होतो. गणित सोडवताना मधली उत्तरं आपण क्षणभर डोक्यात धरून ठेवतो. ही जागा फार अरुंद असते. मार्क ॲशक्राफ्ट आणि एलिझाबेथ कर्क यांनी २००१ साली दाखवलं, की गणिताची धास्ती असलेल्यांची ही जागा काळजीच खाऊन टाकते, आणि ते घसरतात नेमके हातच्याच्या बेरजांत. साध्या बेरजा त्यांना इतरांइतक्याच येतात. फळ्यापुढे उभं करून सगळ्या वर्गासमोर हातच्याचं गणित घालणं म्हणजे मुलाची सगळ्यात दुबळी जागा निवडून तिथेच ओझं टाकणं.

मग विश्वास येतो कशाने? अल्बर्ट बँडुरा यांनी १९७७ मध्ये त्याचे चार झरे सांगितले: स्वतः करून जमलेलं काम, आपल्यासारख्याच कुणाला तरी जमताना पाहणं, दुसऱ्याने दिलेला धीर, आणि छातीतली धडधड कमी असणं. यांत सगळ्यात जोरकस पहिला. नुसता शब्दांचा धीर बराच खालचा, पुढच्याच अपयशात तो वाहून जातो.

बँडुरा आणि डेल शुंक यांनी १९८१ साली वजाबाकीत फार मागे पडलेली आणि गणिताचा कंटाळा आलेली चाळीस मुलं घेतली. सगळ्यांपुढे ४२ पानांचा सराव, सात बैठका. काहींना सांगितलं, रोज सहा पानं करून बघ. काहींना सांगितलं, सातव्या बैठकीअखेर ४२ पानं संपव. हिशेब तर एकच. पण रोजची सहा पानं डोळ्यांपुढे असलेली मुलं वजाबाकीत इतरांच्या बरीच पुढे गेली, स्वतःवरचा भरवसा वाढला आणि, मला यातलं हे जास्त मोलाचं वाटतं, सक्ती नसतानाही ती वजाबाकी सोडवायला बसू लागली. आपल्याकडच्या कुठल्याही तालमीतल्या वस्तादाला हे नव्याने सांगायला नको. नव्या पोराला तो पहिल्याच दिवशी पट्टीच्या मल्लासमोर उभं करत नाही, त्याच्या वजनाची, त्याच्या दमाची जोड बघून लावतो. शाळेत मात्र चौथीचं पुस्तक चौथीतल्या प्रत्येकाला, जोड जमो न जमो.

पण सोपी गणितं देऊन नुसतं जिंकवत राहणंही पुरत नाही. कॅरोल ड्वेक यांनी १९७५ मध्ये अपयश आलं की हातपाय गाळणारी बारा मुलं निवडली. अर्ध्यांना पंचवीस दिवस फक्त जमतील अशीच गणितं दिली. उरलेल्यांना अधूनमधून मुद्दाम न जमणारं गणित देऊन सांगितलं, की प्रयत्न कमी पडला, अजून लावायला हवा होता. नंतर कठीण गणितं आली तेव्हा फक्त यश चाखलेला गट पूर्वीसारखाच कोसळला, दुसरा टिकून राहिला. बारा म्हणजे फारच थोडी मुलं, हे खरं. शिवाय रीतच चुकलेल्या मुलाला नुसतं 'प्रयत्न कमी पडला' म्हणणं अन्यायाचं होईल. त्याला 'रीत बदलून बघ' म्हणायला हवं.

कौतुकाबद्दल ड्वेक आणि क्लॉडिया म्युलर यांचे १९९८ चे प्रयोग सगळ्यात गाजले. पाचवीतल्या मुलांनी काही कोडी सोडवली. काहींना म्हटलं, 'तू हुशार आहेस', काहींना 'तू मेहनत घेतलीस'. मग मुद्दाम अवघड कोडी देऊन सगळ्यांना आपटवलं आणि शेवटी पुन्हा पहिल्यासारखीच सोपी दिली. मेहनतीचं कौतुक झालेली मुलं शेवटी सुधारली, हुशारीचं झालेली पहिल्यापेक्षाही घसरली. आपले गुण इतर मुलांना कळवायला या मुलांना सांगितलं तेव्हा हुशारीवाल्यांतल्या ३८ टक्क्यांनी ते वाढवून सांगितले, मेहनतवाल्यांत १३ टक्क्यांनी. हुशार ठरलेल्याला चुकायची चोरी असते.

यावरून 'मेहनतीचं कौतुक करा' असा मंत्र सगळीकडे पसरला, आणि मंत्र म्हटलं की मी जरा सावध होतो. चीनमधल्या शाळकरी मुलांवर हा प्रयोग पुन्हा करून पाहिला तेव्हा परिणाम तितका ठाम दिसला नाही. त्याआधी जर्मनीत वुल्फ-उवे मायर यांनी आणखी एक खोच दाखवली होती. सोप्या कामाबद्दल भरभरून कौतुक झालं की मोठी मुलं त्यातून भलताच अर्थ काढतात: सरांना माझ्याकडून एवढीच अपेक्षा आहे. आठवीतल्या मुलीला 'वा, किती छान अक्षर!' म्हणून बीजगणितातलं अपयश झाकता येत नाही. तिला ते कळतं.

मग वहीवर शेरा लिहायचा तरी कसा? अमेरिकेत सातवीच्या मुलांच्या निबंधांवर शिक्षकांनी नेहमीसारख्या सुधारणा लिहिल्या. संशोधकांनी काही वह्यांना चिठ्ठी जोडली: माझ्या तुझ्याकडून अपेक्षा मोठ्या आहेत आणि तू त्या पुऱ्या करशील हे मला माहीत आहे, म्हणून हे शेरे लिहिले. बाकीच्यांना एक साधी चिठ्ठी मिळाली. कोणत्या वहीत कोणती चिठ्ठी, हे शिक्षकांनाही ठाऊक नव्हतं. निबंध सुधारून पुन्हा लिहिणाऱ्या कृष्णवर्णीय मुलांचं प्रमाण साध्या चिठ्ठीने १७ टक्के होतं, अपेक्षांच्या चिठ्ठीने ७२. शिक्षक आपल्याला कमी लेखतात असा संशय ज्यांना सतत छळत होता, त्यांच्यात फरक सगळ्यात जास्त. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेला हा अभ्यासही लहानच आहे. पण लक्षात घ्या, चुका कुणी लपवल्या नव्हत्या. लाल शाई तशीच होती.

दहावीच्या तोंडावर आपल्याकडे प्रेरणादायी व्याख्यानांचा हंगाम येतो. सभागृह भरतं, टाळ्या पडतात, आईवडील डोळे पुसतात. 'बुद्धी वाढवता येते' हे मुलांना पटवण्याने किती फरक पडतो, हे अमेरिकेत सुमारे १२,००० नववीच्या विद्यार्थ्यांवर तपासलं गेलं. २०१९ मध्ये ते 'नेचर'मध्ये छापून आलं. तासाभराहून कमी वेळाच्या उपक्रमाने मागे पडलेल्यांचे गुण सुमारे चारपैकी सरासरी ०.१ ने वाढले. म्हणजे अगदीच शून्य नाही, आणि इतक्या स्वस्तात ते वाईटही नाही. पण व्याख्यान ऐकून पोरगं पालटलं अशा गोष्टी मी तरी आता मान हलवून सोडून देतो.

साताऱ्याला याची दुसरी परंपरा आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये कऱ्हाडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ मध्ये ती साताऱ्याला आणली. वसतिगृहात सगळ्या जातींची मुलं एका पंगतीत जेवत, स्वयंपाक स्वतः करत, शेतात राबत आणि शिकत. त्यामागे मानसशास्त्राचा सिद्धान्त नव्हता. गरिबी होती, जातिभेद होता आणि शिकवायची जिद्द होती. तरी बँडुरांचे पहिले दोन झरे तिथे रोज वाहत होते. आपल्या हातून काम पार पडताना दिसे, आणि आपल्यासारख्याच घरचा वरच्या वर्गातला मुलगा पास होताना दिसे.

आज ज्याचा पुरावा सगळ्यात भक्कम आहे, ती योजनाही दिसायला साधीच आहे. मुंबई आणि वडोदऱ्यात 'प्रथम' संस्थेने तिसरी-चौथीतली पंधरावीस मागे पडलेली मुलं रोज दोन तास वेगळी बसवली. शिकवायला वस्तीतलीच एक तरुणी, तिचं नाव बालसखी, मानधन महिना ५०० ते ७५० रुपये. तिने पुस्तक बाजूला ठेवायचं आणि मूल जिथे अडलंय तिथून सुरू करायचं. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजमापात गुण स्पष्ट वाढले, आणि फायदा मुख्यतः तळाच्या मुलांना झाला. हा अभ्यास करणाऱ्यांतल्या अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डफ्लो यांना पुढे २०१९ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

एक तोटा मात्र राहतो: रोज वर्गातून उठून जाणारी मुलं सगळ्यांना दिसतात, आणि 'कच्चा' हा शिक्का नव्याने बसू शकतो. इथे माण-जतच्या वाड्यावस्त्यांवरच्या दोनशिक्षकी शाळा शहरातल्या शाळेपेक्षा सोयीच्या ठरतील असं मला वाटतं. पहिली ते चौथीची मुलं तिथे तशीही एकत्रच बसतात. रोज तासभर इयत्ता विसरून, हातच्याशी अडलेल्यांचा एक गट, पाढ्यांशी अडलेल्यांचा दुसरा, असं बसवलं तर कुणालाच उठून जावं लागत नाही. चौथीतला मुलगा तिसरीतल्या मुलीशेजारी बसला तर त्यात नवल वाटावं असंही काही नसतं. अडचण आहे ती शिक्षकाच्या वेळेची. माहित्या भरण्यात आणि सर्वेक्षणांत जाणाऱ्या तासांतून हा एक तास सोडवून घेणं गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या हातात आहे.